सरोजाअक्कांची डिक्शनरी

दुकानात गेलं की माणसं आधी किंमत विचारतात. सरोजाअक्कांनी किंमत विचारलीच नाही. जयनगरच्या त्या दुकानातला विक्रेता त्यांना ई-रीडरचे गुण कन्नडमधून ऐकवत होता. एकदा चार्ज केला की कितीतरी दिवस चालतो, उन्हातही नीट दिसतो, हजारभर पुस्तकं पोटात मावतात. अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला आणि काउंटरवर ठेवला. कागदावर देवनागरीत सात शब्द होते. हिरमुसणे, कुचंबणा, तारांबळ, विषण्ण आणि असेच आणखी तीन. "ह्यांचे अर्थ सांगतो का बघा," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "मग पुढचं बोलू."

यंत्राला सातांपैकी एकही आला नाही. इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं की अर्थ झटकन वर यायचा, हिंदीचंही बरं चाललं होतं. मराठीपुढे मात्र 'काही सापडलं नाही' एवढंच. विक्रेत्याने घाईघाईने दुसरं यंत्र काढलं, मग तिसरं. तिसरंही नापास झाल्यावर अक्कांनी कागदाची घडी घातली, "तुमची चूक नाही," असं त्यालाच समजावलं आणि आम्ही बाहेर पडलो. मी तज्ज्ञ म्हणून बरोबर गेलो होतो. तज्ज्ञाला बोलायची वेळच आली नाही.

मी मूळचा पुण्याचा. तेव्हा माझी नोकरी शहराच्या एका टोकाला हेब्बाळला आणि बिऱ्हाड दुसऱ्या टोकाला जयनगरला होतं, ह्यावरूनच माझ्या अकलेचा अंदाज यावा. अक्कांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, कारण घरमालकीण मराठी आहे असं दलालाने सांगितलं होतं. तशा त्या होत्याच. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं. कोणाबरोबर आणि कशासाठी, हे आता घरात कुणालाच नक्की माहीत नाही. घरात मराठी, बाहेर कन्नड, कचेरीत इंग्रजी असा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. अक्का शिकल्या कन्नड शाळेत. देवनागरी वाचता यायचं ते हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंककॉल जोडायला लागल्या आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. खाली त्या आणि त्यांची त्र्याण्णव वर्षांची आई अशा दोघीच राहत. आईंना मी आजी म्हणत असे.

राहायला आलो त्याच दिवशी माझ्या हातून एक अपराध घडला. सामान लावून खाली आलो, तर अक्का म्हणाल्या, "या की. जगलीवर बसा. स्वल्प मज्जिगे देते." जगली म्हणजे ओटा आणि मज्जिगे म्हणजे ताक, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी हसलो. नुसतं हसून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण "अक्का, हे मराठी आहे की कन्नड?" असंही विचारून बसलो. भाषेच्या बाबतीत आपण सगळ्या जगाचे परीक्षक आहोत असं पुण्याच्या माणसाला जन्मतःच वाटत असतं. अक्कांनी ताक आणून दिलं, त्यात कढीलिंब आणि आलंही होतं. आणि त्या दिवसापासून पुढचे आठ महिने त्या माझ्याशी इंग्रजीत बोलल्या.

त्यात राग दिसत नसे, म्हणून जास्त बोचायचं. पाण्याचा पंप कधी लावायचा, कचऱ्याची गाडी कधी येते, जिन्यातला दिवा कोणी बंद करायचा, सगळं नेमक्या, लहान लहान वाक्यांत आणि शेवटी "थँक यू." फोनवरही त्या तीन वाक्यांच्या वर जात नसत. लाईन अडवून ठेवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता, मग लाईन स्वतःची का असेना. मोबाइलवर कुणी सिनेमा बघताना दिसलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. फोन हा बोलण्यासाठी असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. पुढे मी त्यांना पुस्तक फोनवरच वाचा असं सुचवलं, तेव्हा त्यांनी मला उत्तर देण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर आल्या आल्या आधी लाईन तपासायची आणि मग कामाला लागायचं, ही सवय त्यांनी घरी आणली होती. पेन घ्यायचं तर दुकानात नेहमीचं एकच वाक्य लिहून बघायचं. भाजीवाल्याचा काटा तपासायला पर्समध्ये अर्ध्या किलोचं लोखंडी वजन. नवा डॉक्टर असला, तर पहिल्या भेटीत त्याला असा एक प्रश्न, ज्याचं उत्तर ह्यांना आधीच माहीत आहे. दोन डॉक्टर त्यात गारद झाल्याचं मला ठाऊक आहे. तेव्हा ई-रीडर घेताना सात शब्दांचा पेपर काढणं हे त्यांच्या रीतीला धरूनच होतं.

ते सात शब्द त्यांनी काढले होते अप्पांच्या मासिकांतून. अप्पा म्हणजे अक्कांचे वडील, सरकारी कचेरीत कारकून. त्यांना दर महिन्याला पुण्याहून टपालाने एक मराठी मासिक येत असे. रविवारी जगलीवर बसून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. आजी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्या आतून विचारायच्या, "काय आलंय त्यात?" अप्पा म्हणायचे, "तुला नाही कळायचं. पुण्याचं मराठी आहे ते." माणूस वाईट नव्हता. रोज संध्याकाळी बायकोसाठी मोगऱ्याची हातभर माळ आणणारा माणूस होता. पण बायकोला हे कळायचं नाही ही त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि ती हळूहळू बायकोचीही झाली. अप्पांना जाऊन पुष्कळ वर्षं लोटली, तरी टीव्हीवर मराठी बातम्या लागल्या की आजी म्हणायच्या, "काढ ते. पुण्याचं आहे, आपल्याला कळत नाही."

हे सगळं अक्कांनी मला जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून, चार-पाच इंग्रजी वाक्यांत सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आय वॉन्ट हर टु हिअर वन बुक. वन फुल बुक. अँड अंडरस्टँड इट." आईचं वय बघता हाताशी किती वेळ आहे हे सांगायची गरज नव्हती. वाचून दाखवणार त्या स्वतः. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक टाइप त्यांना दिसत नव्हता, आणि पुस्तकी मराठी त्यांनाही अडत होतं. मांडीवर जाडजूड शब्दकोश घेऊन शब्द सापडेपर्यंत आई झोपून जायची. म्हणून अक्षर मोठं करता येईल आणि शब्दावर बोट ठेवताच अर्थ दिसेल असं यंत्र त्यांना हवं होतं.

दुकानांत जमलं नाही तेव्हा मी शोधाशोध करून एक यंत्र मागवलं. फारसं नावाजलेलं नव्हतं, पण त्यात बाहेरून कुठलाही शब्दकोश भरता येत होता. मी त्यात एक मराठी शब्दकोश भरून दिला. अक्कांनी त्याची परीक्षा घेतली आणि सातांपैकी पाच शब्दांवर तो पास केला. वाचायला घेतली ती एक जुनी जाड कादंबरी. सुमती नावाची विधवा मास्तरीण आणि तिचा मानी भाऊ ह्यांची गोष्ट. मी ती कॉलेजात असताना वाचली होती आणि चांगली आहे म्हणून शिफारस केली होती.

दुपारी तीन वाजता जगलीवर वाचन सुरू झालं. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. दुसऱ्याच वाक्याला आजींनी विचारलं, "विषण्ण म्हणजे काय गे?" अक्कांनी बोट ठेवलं. यंत्राने सांगितलं, खिन्न. खिन्न म्हणजे? उद्विग्न. उद्विग्न म्हणजे? पुन्हा विषण्ण. असा कॉल फिरवला असता तर माझी नोकरी गेली असती, असं अक्का मला नंतर इंग्रजीत म्हणाल्या. त्या दिवशी तासाभरात अर्धं पान झालं. चौथ्या दिवशी आजींनी लेकीच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे गे. हे तुझ्या अप्पांचं. माझं नव्हे."

अक्कांनी त्या संध्याकाळी मला खालून हाक मारली. आपली स्वतःची डिक्शनरी ह्यात घालता येईल का, हा त्यांचा प्रश्न. येईल, मी म्हटलं. पुढचे सहा आठवडे त्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहीत होत्या. आईच्या तोंडचा प्रत्येक शब्द आणि त्यापुढे त्याचा शुद्ध मराठी अर्थ. जगली, ओटा. चोंबू, तांब्या. हित्तल, परसदार. गलाटा, गोंधळ. चारशेच्या वर शब्द जमले. अक्षर असं, की एकही खाडाखोड नाही. मी दोन शनिवार घालवून त्याची फाइल केली, यंत्रात भरली, आणि रविवारी दुपारी आम्ही तिघं जगलीवर बसलो.

अक्कांनी वाचायला घेतलं. आजींनी विचारलं, "म्हणजे?" अक्कांनी बोट ठेवलं. काही नाही. पुढचा शब्द, काही नाही. अख्खं पान संपलं, चारशे शब्दांपैकी एकही उगवला नाही. मी फाइल तपासली, ती व्यवस्थित होती. पुन्हा तपासली. मग मी अक्कांकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे, आणि दोघांच्या एकदमच लक्षात आलं. पुण्याच्या कादंबरीत चोंबू येणार कुठून? आजींना पुस्तक कळावं म्हणून आम्ही दीड महिना राबलो होतो आणि तयार केली होती आजी कळाव्यात म्हणून लागणारी डिक्शनरी. तिचा उपयोग त्या घरात फक्त मला होता. रोज सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मला हे सुचू नये आणि जन्मभर इकडचा फोन तिकडे जोडणाऱ्या अक्कांनाही सुचू नये, ह्याला काय म्हणावं!

अक्का हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतक्या हसल्या. "अय्यो," त्या म्हणाल्या, "लाईन उलटी जोडली की हो आपण!" हे त्या मराठीत म्हणाल्या. आठ महिन्यांनी. मी ते दाखवून दिलं नाही. त्या घरात मी केलेली ती पहिली शहाणपणाची गोष्ट.

मग लाईन सुलट जोडायची ठरली. पुस्तकातला शब्द आधी आणि त्याचा अर्थ आजींच्या बोलीत. पण नुसतं उलटून भागणार नव्हतं, कारण कादंबरीत अडणारे शब्द वेगळेच होते. अक्कांनी स्वतःची पद्धत काढली. सकाळी सहाला उठून एक प्रकरण आधी आपण वाचायचं, आईला अडेल असा प्रत्येक शब्द उतरवायचा आणि माझ्याकडून किंवा शब्दकोशातून त्याचा अर्थ लावून घ्यायचा. मग आई कढीलिंब निवडायला बसली, की तिला शब्द सांगायचाच नाही, प्रसंग सांगायचा.

"आई, लेकराला चार माणसांत बोलणी बसली. ते कोपऱ्यात जाऊन बसलं. आपण काय म्हणतो?"

"तोंड सण्ण करून बसलं म्हणतो की."

अक्का लिहायच्या : हिरमुसणे, तोंड सण्ण करून बसणे. सण्ण म्हणजे लहान, हे मला आता सांगावं लागत नव्हतं. तारांबळीचं गडिबिडी झालं. विषण्णचं, मन बेजार होणे. 'कुचंबणा' मात्र अडली. अक्कांनी आधी मला विचारलं, तर माझ्या तोंडून आलं, "म्हणजे... ऑकवर्ड." अक्कांनी ते लिहिलं, जरा बघितलं आणि खोडलं. "हे तुमच्या घरचं," त्या म्हणाल्या. त्यांच्या पानांवरची ती एकमेव खाडाखोड माझ्या नावावर आहे. मग त्यांनी आईला प्रसंग सांगितला : नणंदेचं आणि जावेचं भांडण, दोघी आपापल्या बाजूने ओढताहेत, आणि मधल्या सुनेला हूं की चूं करता येत नाही. आजी कढीलिंब निवडत राहिल्या. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर आतून मोठ्याने ओरडल्या, "सरोजा! उंबऱ्यावर उभी केली म्हण!"

माझं काम किचकट होतं. यंत्राला एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं एक आहेत हे समजत नसे, म्हणून प्रत्येक रूप वेगळं भरावं लागायचं. पण मला कंटाळा आला नाही. खरं सांगायचं तर त्या काळात माझ्या ऑफिसात मी जे काही करत होतो, त्यातलं मला आज काहीही आठवत नाही, आणि आजींचे शब्द आठवतात. आजींना ह्या कामाची गोडीच लागली. दहा वाजायच्या आत केस बांधून जगलीवर येऊन बसायच्या. यंत्राला त्या पाटी म्हणायच्या. मी दिसलो की विचारायच्या, "आज माझे किती बोल घातलात पाटीत?" मी आकडा सांगायचो. "सरी," म्हणून मान हलवायच्या.

वाचन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आता अक्का शब्दावर बोट ठेवायच्या आणि खाली आजींचंच बोलणं उमटायचं. अक्का ते वाचायच्या, आजी "हां" म्हणायच्या, आणि गाडी पुढे जायची. दर वाक्याला येणारं "म्हणजे?" पानाला एकदोनदा यायला लागलं. पुढे पुढे अक्कांना बोट ठेवावंही लागेना, त्या वाचता वाचताच शब्द बदलून घ्यायच्या. सुट्टीच्या दिवशी मी वर खिडकीत चहा घेऊन बसायचो. मी वाचलेली ती कादंबरी आणि खाली चाललेली कादंबरी एकच होती, पण मला खालची जास्त आवडत होती.

तेवढ्यात आमच्या कंपनीने रोज ऑफिसात यायचा हुकूम काढला आणि जयनगर ते हेब्बाळ रोज जाणं माझ्यानं होईना. मी हेब्बाळलाच जागा बघितली. अक्कांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सरी. पण पुस्तक अजून संपलेलं नाही." जणू मी मधूनच उठून चाललो होतो.

सामान हलवायचा दिवस शनिवार होता. दुपारी साडेतीनच्या सुमाराला टेंपोत शेवटची खोकी चढत होती. जिन्यात पावलं वाजली. अक्का होत्या. गुडघ्यांमुळे त्या वर कधीच येत नसत. वर्षभरात एकदाही आल्या नव्हत्या. आता कठड्याला धरून, दम खात, काखेत यंत्र घेऊन दारात उभ्या राहिल्या. चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आजींना काही झालं.

"आईला पुस्तक आवडलं नाही!" अक्का म्हणाल्या.

"अरेरे," मी म्हटलं.

"अरेरे काय हो! ऐका तरी." त्या तिथल्याच एका खोक्यावर बसल्या. "भावाचं पत्र येतं ना, आणि सुमती घर सोडून निघते, ते वाचत होते. मी म्हटलं, आता आई रडणार. मला स्वतःला वाचवेना. तर आई म्हणाली, थांब. हिनं मघाशी चुलीवर दूध ठेवलेलं. ते उतरवलं कोणी?"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"मी मागं जाऊन बघितलं. खरंच ठेवलेलं होतं, दोन पानं आधी. उतरवलेलं कुठंच नाही. आई म्हणते, दूध चुलीवर ठेवून बाई घराबाहेर पडत नाही, जीव द्यायला निघाली तरी आधी भांडं उतरवते. हा लिहिणारा कधी सैंपाकघरात गेलेला नाही. ह्याला बायकांचं काही कळत नाही. पुरे कर हे, म्हणाली. दुसरं वाच." अक्का हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. "चूक काढली हो तिनं. पुण्याच्या पुस्तकात चूक काढली!"

ती कादंबरी मी दोनदा वाचली होती. माझ्या प्राध्यापकांनी ती आम्हाला शिकवलीही होती. ते दूध आमच्यापैकी कुणालाही दिसलं नव्हतं. मला एकदम फार आनंद झाला, आणि त्याबरोबर थोडी लाजही वाटली. मी यंत्र हातात घेतलं. खालून टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.

"आता बाईनं लिहिलेलं काहीतरी द्या," अक्का म्हणाल्या. "दूध उतरवणारीनं."

खोक्यांच्या मध्ये उभ्या उभ्या मी एक पुस्तक शोधलं आणि यंत्रात उतरवून दिलं. त्यातल्या शब्दांचं काय करायचं, अशी मला काळजी वाटली. ती बोलून दाखवली, तर अक्का म्हणाल्या, "आई आहे की." मग एकेक पायरी करत त्या खाली गेल्या. मी मागोमाग गेलो, आजींच्या पाया पडलो, पण त्यांचं माझ्याकडे फारसं लक्ष नव्हतं.

टेंपोत बसताना मी वळून बघितलं. अक्कांनी चष्मा लावला होता, पाटी गुडघ्यांवर टेकवली होती आणि पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं होतं. आजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"आधी कोणी लिहिलंय ते सांग," त्या म्हणाल्या. "मग वाच."